माणिक पिचर

आदिलाबाद जिल्ह्यात बेसबॉल खेळतात असं मी माझ्या यवतमाळच्या मेव्हण्याला सांगितलं, तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याचंही फारसं चुकलं नाही. बदली होऊन या शाळेत येईपर्यंत मलाही ते माहीत नव्हतं. आमच्या भागात हा खेळ आवडीनं आला नाही, अक्कलहुशारीनं आला. क्रिकेटच्या निवडीला पोरांची जत्रा लोटते आणि बेसबॉलच्या निवडीला कुत्रं फिरकत नाही. मग आपलं पोरगं राज्याच्या संघात जावं आणि पुढेमागे खेळाच्या कोट्यातून नोकरीला चिकटावं, यासाठी एखाद्या चतुर व्यायामशिक्षकानं हा आडरस्ता शोधला. गावातले म्हातारे त्याला दांडूबॉल म्हणतात आणि हे सरकारी काम असावं अशी समजूत करून घेऊन गप्प बसतात.

मी मराठीचा मास्तर. खेळातलं मला ओ की ठो कळत नाही, आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. पण माणिकबद्दल लिहायचं तर त्या खेळाला वगळून लिहिता येत नाही. त्या खेळानं त्याला वर नेलं आणि त्याच्या उजव्या हातानं खाली आणलं.

तो शाळेत रोजंदारीवर शिकवायला आला तेव्हा तिशीच्या जवळपास असेल. उंच, काळासावळा, खांद्यानं रुंद. गंभीर चेहऱ्याचा. उजवा हात कोपरात अर्धवट वाकलेला आणि तसाच राहिलेला. सरळ होत नव्हता आणि पुरता मिटतही नव्हता. त्या हातावर तो कायम एक टॉवेल टाकून ठेवी, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटे की हा आत्ताच कुठल्यातरी पंगतीत वाढून आलाय. जेवायला तो आमच्यात कधी बसला नाही. उजव्या हाताचा घास तोंडापर्यंत पोचत नव्हता आणि चारचौघांत डाव्या हातानं जेवायची लाज वाटत होती. आम्ही डबे उघडले की तो मैदानात जाऊन चुन्याच्या रेघा मारत बसे.

शिकवायची पद्धत अजब होती. बॉलच्या लाल टाक्यांवर बोटं कशी ठेवायची ते उजव्या हातात बॉल धरून दाखवी, कारण बोटं शाबूत होती. मग तोच बॉल डाव्या हातात घेऊन फेके. डाव्या हाताची फेक इतकी गबाळी की पोरं तोंड फिरवून हसत. त्याला ते कळायचं. "हसा लेकहो," तो म्हणायचा, "पण बोटं पाहून ठेवा."

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "हात घरचा हाय, पण त्याले पाहुण्यावानी वागवा." दमायच्या आत तो पोरांच्या हातातून बॉल काढून घेई. अजून दहा फेकू द्या म्हणून पोरं गयावया करत, रुसत, एकदा तर एका पोरानं रागानं हातमोजा विहिरीत टाकला. माणिक बधला नाही. आमचे हेडमास्तर म्हणायचे, हा कोच आहे की पोरांचा मामा? मलाही तेव्हा तो जरा अतिच करतो असं वाटे.

तो याच गावचा, भाजीवाल्यांच्या घरातला. वर्तमानपत्रात एकदा त्याच्यावर चार ओळी आल्या होत्या आणि त्यात बातमीदारानं ठोकून दिलं होतं, की ज्वारीवरची पाखरं गोफणीनं हाकता हाकता त्याचा हात तयार झाला. त्याचा माणिकला भयंकर राग होता. "आमच्या घरी ज्वारी कोणी पेरली? गोफण कोणी पाह्यली? आमी कोबीवाले!" खरी गोष्ट अशी होती, की कोबीचा टेम्पो भरताना एकानं खालून गड्डा फेकायचा आणि दुसऱ्यानं वर उभं राहून तो झेलून रचायचा. माणिक खालून फेकायचा. रस्त्यानं मोटारसायकलवरून जाणारे एक व्यायामशिक्षक ते बघून थांबले. गड्डा दर वेळी वरच्या माणसाच्या छातीपाशी, त्याच जागी जात होता, आणि वरचा माणूस खाली न बघताच हात पुढे करत होता. मास्तरांनी संपूर्ण टेम्पो भरेपर्यंत गाडीवरून पाय खाली टेकवून वाट बघितली आणि मग विचारलं, "अरे, कोणत्या शाळेत आहेस?"

तिथून तो जिल्ह्यात, राज्यात, मग राष्ट्रीय स्पर्धेत गेला, आणि शेवटी सिकंदराबादला एका मोठ्या खात्याच्या संघात कराराची जागा मिळाली. काम नावाला, पगार पिचर म्हणून. दरवर्षी करार वाढायचा, आणि काही वर्षं नीट खेळला तर कायम करणार होते. भाजीवाल्याच्या पोराला फेकण्याचा पगार मिळतो, हे गावाला पटायला वेळ लागला. पटल्यावर मात्र गावानं त्याचं आडनाव काढून टाकलं आणि पिचर लावलं.

त्या काळातली एक गोष्ट तो स्वतः सांगायचा, आणि सांगताना तेवढा एकदाच हसायचा. त्याची आई, गंगाबाई, एकदा त्याचा सामना बघायला सिकंदराबादला गेली होती. नवरा लवकर गेलेला. हा एकुलता एक. बाईनं कोबी विकून पोर वाढवलेलं. नऊवारी नेसून ती पहिल्या रांगेत बसली. त्या दिवशी माणिकची फेक अशी काही बसली होती, की समोरचे एकामागून एक हात हलवत परत जात होते. लोक ओरडत होते. सामना संपल्यावर हा धावत आईकडे गेला, तर आई घुश्श्यात.

"काय झालं व आई?"

"त्या बारक्या पोराले एक तरी मारू द्याचा होता," गंगाबाई म्हणाल्या. "त्याची माय बी कुठंतरी बसून पाहून राह्यली असंल ना!"

अशी ती बाई. तिला मी चांगलाच ओळखत होतो, कारण तिचं घर माझ्या खोलीच्या समोर. तिच्या तोंडाची गावाला धास्ती होती, आणि त्या तोंडाला रोज सकाळी मिळणारं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे माणिक. तो अंगणात दात घासायला आला की सुरू. "पट्टीवाल्या बाबानं सोन्यावानी हात जोडून देला होता. सोन्यावानी! अन् यानं दारू पिऊन गाडीवरून पडून त्याची माती केली. नोकरी घालवली, नाव घालवलं. कोन पोरगी देईन तुले?" माणिक चूळ भरायचा, टॉवेल हातावर टाकायचा आणि निघायचा. कधी उलटून बोलला नाही. गावालाही हेच माहीत होतं. पिचर होता, दारूत बुडाला, संपला. दोन ठिकाणी लग्न ठरत आलं होतं. दोन्ही ठिकाणी गावातल्याच कोणीतरी ही माहिती पोचती केली.

मला मात्र एक कोडं होतं. शेजारी राहूनही या माणसाच्या तोंडाला मला कधी वास आला नाही. सणासुदीला तो शिंदीच्या दुकानापुढे बाकावर बसलेला दिसे, पण पुढ्यात सोड्याची बाटली. सोडा पिऊन झाला की उठून घरी जाई. असला दारुडा मी उभ्या जन्मात बघितला नव्हता.

उलगडा नागपूरला झाला. माझ्या बायकोचा गुडघा दाखवायला गेलो होतो आणि सोबतीला माणिकला नेलं होतं. डॉक्टर बायकोचा गुडघा तपासता तपासता याच्या हाताकडे बघू लागले. शेवटी राहवलं नाही तेव्हा टॉवेल बाजूला करून त्यांनी कोपर चाचपलं आणि विचारलं, "कोणी चोळलं हे?" माणिकनं माझ्याकडे बघितलं आणि टॉवेल परत हातावर ओढला.

परतीच्या गाडीत, बायकोला डुलकी लागल्यावर, त्यानं सांगितलं. एका मोसमात कोपर आतून दुखायला लागलं आणि सुजलं. संघाच्या डॉक्टरनं बजावलं, की हात लावू नको, दाबू नको, सूज उतरली की फोटो काढू. तेवढ्यात दसरा आला. तो घरी आला. आईनं सुजलेलं कोपर बघितलं आणि रडायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याला उटनूरकडच्या एका हाडवैदाकडे घेऊन गेली. आमच्याकडे हात मोडो, पाय मुरगळो, लोक आधी पट्टीवाल्या बाबाकडे जातात आणि मग दवाखान्यात. अंड्याचं पांढरं आणि उडदाचं पीठ कालवून लेप, त्यावर बांबूच्या कामट्या, त्यावर कापडाची पट्टी. महिनाभर हात गळ्यात. पट्टी सुटल्यावर गरम तेलानं चोळायचं आणि ओढायचं, रोज थोडं जास्त. त्यानं कित्येकांची हाडं जुळवली असतील, मी नाही म्हणत नाही. पण माणिकचं हाड मोडलंच नव्हतं. दुखावलेलं मांस चोळून चोळून त्यात आत नवं हाड धरलं आणि सांधा जागच्या जागी अडकला.

"चोळताना आई माहा हात धरून बसे," तो म्हणाला. "मी ओरडलो की ती रडे. पण हात सोडत नव्हती. बरा व्हाले पाह्यजे ना."

सिकंदराबादला परत गेल्यावर डॉक्टरनं फोटो बघून हात टेकले. करार पुढे वाढला नाही.

"मग दारूचं काय?"

"पट्टी सुटून चोळनं संपलं तवा हात थोडा हालत होता. मी आईले म्हनलं, बरा झाला, अन् गेलो. हा असा हात घेऊन परत आलो तर ती इचारनच ना, काऊन असा झाला म्हणून? तिनंच मले हाताले धरून नेलं होतं, सर. काय सांगू तिले? तिथल्या तिथं जे सुचलं ते सांगतलं."

"पण दारूच कशाला? नुसता अपघात सांगायचा."

"अपघात म्हनलं की लोकं खोदून खोदून इचारतात. दारूचं सांगतलं की पुढं कोनी इचारत नाई."

मी त्याच्यावर चिडलो. खरंच चिडलो. म्हटलं, तुझं लग्न मोडलं, नाव गेलं, रोज सकाळी शिव्या खातोस, आणि ती बाई त्या बाबाचे गोडवे गात फिरते. एकदा सांगून मोकळा हो. तो खिडकीबाहेर बघत होता. "तिले कळलं ना सर, तर ती जेवनार नाई," एवढंच बोलला. पुढे मला त्यानं शपथ वगैरे घातली नाही. माझ्यावर त्याचा विश्वास होता आणि तो मला जड झाला.

पायलची गोष्ट त्यानंतरची. पायल म्हणजे आमच्याच गल्लीतल्या शंकर आणि शोभाची मुलगी, नववीतली. काटकी अंगाची, पण बॉल असा फेकायची की झेलणाऱ्या पोरीचा तळवा लाल व्हायचा. माणिक तिच्याबद्दल कमी बोलायचा, यावरूनच मला कळलं की त्याची तिच्यावर सगळी आशा आहे. राज्याची निवड जवळ आली होती. शाळेत तो तिच्या हातातून बॉल काढून घ्यायचा, आणि ही बया संध्याकाळी कापसाच्या गोदामामागे जाऊन भिंतीवर टेनिसबॉल फेकत बसायची. ते आम्हाला नंतर कळलं. एक दिवस तिचं कोपर सुजलं.

माणिकनं हात लांबून बघितला, बोटसुद्धा लावलं नाही. चेहरा उतरला होता. शंकरला जाऊन म्हणाला, "दादा, सकाळी आदिलाबादला मोठ्या दवाखान्यात नेऊ. मी येतो. तोवर चोळू नका, बांधू नका." शंकर हो म्हणाला.

सकाळी आम्ही दोघं गेलो तर त्यांच्या दारात ऑटो उभा. आत पायल, शेजारी शोभा, आणि ऑटोच्या बाहेर पाच-सात माणसं. मधोमध गंगाबाई.

"दवाखान्यात कापतात," त्या शोभाला सांगत होत्या. "माह्या माणिकचा हात असाच सुजला होता, माय. अस्साच. बाबानं महिन्याभरात सरका करून देला. मंग यानं दारूत घातला ते येगळं."

माणिक ऑटोच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. "दादा, तिकडं नेऊ नका."

"काऊन नेऊ नका?" गंगाबाईच कडाडल्या. "तुयाच हात जोडला ना त्यानं?"

तो आईकडे वळला. "आई, तू घरी जा."

"मी काऊन जाऊ?"

"जा म्हनलं ना. पाया पडतो तुह्या, जा."

त्या हलल्या नाहीत. ड्रायव्हरनं ऑटो सुरू केला. पायलनं आतून माणिककडे बघितलं. मग तो बोलला, पण आईकडे न बघता, शंकरकडे बघून. "मी गाडीवरून कधी पडलोच नाई, दादा. दारू मी कधी पेली नाई. माहा हात पट्टीनं अन् चोळून गेला. डॉक्टरनं फोटोत दाखवलं. पोरीचा बी जाईल. हात जोडतो."

हात मात्र त्याला जोडता आले नाहीत. उजवा अर्ध्यातच राहिला.

मागून कोणीतरी फिसकन हसलं. शंकर म्हणाला, "सकाळी सकाळी घेऊन आला का रे माणिक?"

"दादा, आईची आन."

"शिंदीच्या दुकानावर तुले आमी काय आज पाहून राह्यलो का? इतके साल तूच सांगत होता ना, पेऊन पडलो म्हणून? आता बाबावर ढकलून राह्यला!"

मी पुढे झालो. सांगितलं की हे खरं आहे, नागपूरच्या डॉक्टरनं माझ्यासमोर हात बघितलाय. शंकर माझ्याशी आदरानंच बोलला. "सर, तुमी भले मानूस. तो सांगन ते तुमाले खरं वाटते." ऑटो निघून गेला. माणसं पांगली. माणिकनं एवढी वर्षं इतकं चांगलं खोटं बोलून ठेवलं होतं, की त्याचं खरं आता कोणी घ्यायला तयार नव्हतं.

गंगाबाई सोडून. त्या तशाच उभ्या होत्या. मग जवळ आल्या, त्याच्या हातावरचा टॉवेल काढला आणि कोपर दोन्ही हातांनी चाचपलं.

"तू परत निघाला तवा मी इचारलं होतं, दुखते का म्हणून."

"हो."

"तू नाई म्हनला."

"हो."

त्यांनी टॉवेल परत त्याच्या हातावर घातला, नीट पसरला आणि घरात गेल्या. त्या दिवसापासून आमच्या गल्लीतली सकाळ शांत झाली. मला ती शांतता सहन होईना. त्याची काय गत असेल! एकदा मला म्हणाला, "आई ताटावर बसते अन् माह्या हाताकडं पाहत राह्यते. मी म्हनलं ना सर, जेवनार नाई." गंगाबाई वाळत चालल्या होत्या.

पायलची पट्टी सुटली, तेलाची चोळणी झाली, आणि हात कोपरात अडकला. शेवटी मी आणि हेडमास्तरांनी मागे लागून त्यांना आदिलाबादला आणि तिथून नागपूरला पाठवलं. लिहिता येईल, कामधाम करता येईल, डॉक्टर म्हणाले. फेकता येणार नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माणिक गाव सोडून गेला. त्याला शाळेतून काढलं. का काढलं ते मला माहीत आहे, कारण ते एका दुपारी माझ्यासमोरच घडलं.

मी त्याच्या ओट्यावर बसलो होतो. तो भेंडी निवडत होता, गंगाबाई दारात बसल्या होत्या. शोभा आली. नागपूरहून आल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती असं ऐकलं होतं, आणि ते दिसत होतं. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. ती अंगणातच थांबली.

"माणिकभाऊ," ती म्हणाली, "तुमी ऑटोपुढं उभे राह्यले होते. आमी ऐकलं नाई. चोळताना मीच पोरीचा हात धरला होता भाऊ. ती बोंबलत होती अन् मी धरून बसली होती." तिला पुढे बोलवेना. "खरं सांगा. माह्याच हातानं गेला का?"

मी माणिककडे बघितलं. आता याला कोणीतरी विचारत होतं. आता त्याचं खरं ऐकून घेणारं माणूस दारात उभं होतं, आणि त्या एका शब्दानं त्याचं नाव धुऊन निघालं असतं.

तो उठला. "नाई ताई," तो म्हणाला. "त्या दिवशी मी खोटं बोललो. पट्टीनं काई झालं नाई. हात पहिलेच गेला होता. मीच तिले जास्ती फेकाले लावलं. निवडीच्या लालचेनं."

जो माणूस दमायच्या आत पोरांच्या हातातला बॉल काढून घ्यायचा, तो हे म्हणत होता. मी तोंड उघडलं, पण त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी ते मिटलं.

शोभा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा बदलत गेला. रडणं थांबलं आणि तिथं राग आला. तिनं पायातली चप्पल काढली आणि त्याच्या खांद्यावर हाणली, पुन्हा हाणली. "मेल्या, माह्या पोरीचा हात! माह्या पोरीचा हात खाल्ला तू!" तो मान खाली घालून उभा राहिला. ती अंगणात वाकून आली होती, आता ताठ उभी होती.

मला वाटलं गंगाबाई आता बोलतील. त्यांना सगळं माहीत होतं. आपल्याशी हा पोरगा इतकी वर्षं कसा खोटं बोलला असेल, ते त्या डोळ्यांसमोर बघत होत्या. त्या दाराचा आधार घेऊन उठल्या, पायरी उतरल्या, शोभाच्या हातातली चप्पल काढून घेऊन तिच्या पायाशी ठेवली आणि तिच्या तोंडावरून हात फिरवला.

"जा माय घरी," त्या म्हणाल्या. "पोरगी वाट पाहत असंल. तुयी काई चूक नाई."

शोभा गेली. गंगाबाई तिथंच उभ्या राहिल्या. माणिक म्हणाला, "आई, ऊन हाय, आत चाल." त्यांनी मान हलवली नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही. तो त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मी चपला घातल्या आणि निघालो. कोपऱ्यावर मागे वळून बघितलं, तर दोघं उन्हात तशीच उभी होती.